सत्ती-दुर्री

"अजून किती वेळ आहे?" डुबल सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चाळीस मिनिटं, सर."

"मग बसू इथेच. वारा बरा आहे."

आम्ही जहाजाच्या वरच्या डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. जहाज कसलं, मांडवीत कायमचा नांगर टाकून बसलेला तीन मजली जुगारखाना. खालच्या मजल्यावर सकाळी अकरापासून पोकरची टूर्नामेंट सुरू होती. मी खेळत होतो आणि दहा मिनिटांची सुट्टी झाली म्हणून वर आलो होतो. सरांनी अजून नावसुद्धा नोंदवलं नव्हतं. मुदत दीडपर्यंत होती, आणि गेले सहा-सात महिने सर मुदत संपायला पाच मिनिटं उरली की मगच खिडकीशी जात.

याला लोक वेडेपणा म्हणायचे. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्याच चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, मिळतात. पण प्रत्येक डावात पाळीपाळीने दोघांना पत्ते बघायच्या आधीच काही चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि ती दर वीस मिनिटांनी वाढते. अकराला बसणाऱ्याच्या चिप्स शंभर ब्लाइंडना पुरतात. दीडला बसणाऱ्याच्या त्याच चिप्स जेमतेम बारा ब्लाइंडच्या उरतात. हा झाला शॉर्ट स्टॅक. शहाणी माणसं त्याच्यापासून लांब पळतात आणि सर पैसे मोजून त्यात जाऊन बसत.

"सर, आज तरी वेळेवर बसायचं होतं," मी म्हणालो.

"नेरूरकर, शंभर असले की शंभर विचार करावे लागतात. बारा असले की दोनच. सगळ्या चिप्स पुढे सरकव, नाहीतर पत्ते टाकून दे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला दोन विचार पुष्कळ झाले."

मी हसलो. तेव्हा मला तो सरांचा विनोद वाटला.

सर कुडाळच्या शाळेत माझे गणिताचे मास्तर. मूळचे कराडकडचे, चोविसाव्या वर्षी नोकरीला कोकणात आले आणि इथलेच झाले, पण भाषा घाटावरचीच राहिली. मला ते आठवीत आडनावाने हाक मारायचे, मी एक्केचाळीस वर्षांचा, चष्म्याच्या दुकानाचा मालक झालो तरी आडनावानेच मारत. त्यांची बायको गेल्यानंतर ते फार गप्प झाले होते, म्हणून एका रविवारी मी त्यांना माझ्याबरोबर पणजीला आणलं. दिवसभर माझ्या मागे उभे राहिले. परत जाताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याचं गणित कुणी नीट मांडलंय का?" पुढच्या महिन्यात त्यांची स्वतःची चौकटीची वही तयार होती. किती ब्लाइंड उरल्या असता कोणत्या पत्त्यांवर सगळ्या चिप्स सरकवायच्या, याची कोष्टकं. ती ते पाढ्यांसारखी म्हणायचे. दहा ब्लाइंड, डीलरच्या शेजारची जागा, एक्का-सत्ती, सरकव. एक्का-तिर्री, सरकव. राजा-पंजी, टाक. गाडी चालवता चालवता माझेही पाठ झाले.

चूक झाली की बोलणी मात्र शाळेतलीच. एकदा एका म्हाताऱ्या गुजराथी माणसाने शेवटच्या दोन ब्लाइंड पुढे सरकवल्या. माझ्याकडे अठ्ठी-तिर्री होती, मी टाकून दिली. सर पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत. नाका ओलांडला आणि सुरू झाले.

"जेवढं भरायचं त्याच्या अडीचपट मिळत होतं. मग पत्ते कशाला बघितलेस? अरे, सत्ती-दुर्री असली तरी घ्यायचं असतं! सगळ्यात भिकार हातसुद्धा तीनदा खेळलास तर एकदा जिंकतो. तू टाकलास याचा अर्थ काय? एक तर तुला गणित येत नाही, नाहीतर तू त्या माणसाला भीक घातलीस. पहिल्याला एक छडी, दुसऱ्याला दोन."

"गणित आलं नाही, सर," मी घाईघाईने म्हणालो होतो.

आता त्या रविवारी काय पणाला लागलं होतं ते सांगतो. सरांची मुलगी वसुधाताई नाशिकला असते. दिवाळीत ती आली तेव्हा सर बाजारातून घरी यायला तीन तास लागले. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीच्या पायरीवर ते पिशवी घेऊन बसलेले सापडले. गॅसवर दूध जळलेलं तिने आधीच दोनदा पाहिलं होतं. तिने डॉक्टरकडे चला म्हटलं, नाशिकला चला म्हटलं. सर चिडले. डॉक्टर कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगतो, ती काय परीक्षा झाली? मी खरी परीक्षा देतो. सव्वाशे माणसं खेळायला बसतात, पहिल्या पंधरांना बक्षीस असतं. पंधरात आलो तर मी माझ्या घरी राहणार आणि तू गप्प बसायचं. नाही आलो तर सामान बांधून तुझ्याबरोबर नाशिक.

वसुधाताईने मला वेगळा फोन केला.

"हेमंत, मला बक्षिसाशी देणंघेणं नाही. नशिबाने कुणीही पंधरात येईल. तू तिथे असणार आहेस. ते नीट खेळले का, डोकं ठिकाणावर होतं का, एवढं मला खरं सांग. तू सांगशील ते मी मानेन."

"सांगेन," मी म्हणालो.

दीडला पाच मिनिटं कमी असताना सर बारा ब्लाइंड घेऊन खाली बसले. पहिले दोन तास आमची टेबलं वेगळी होती. मी मधूनमधून मान वळवून बघत होतो. सर चष्मा कपाळावर, पत्ते डोळ्यांशी, आणि मग एकतर पत्ते डीलरकडे जायचे किंवा दोन्ही तळहातांनी चिप्सचा सगळा ढीग पुढे सरकायचा. "सगळ्या." आवाज वर्गातला. एकदा दुप्पट झाले, एकदा निम्मे, परत दुप्पट. माणसं उठत गेली, टेबलं मोडत गेली, आणि साडेतीनच्या सुमाराला सोळा जण उरले तेव्हा सर माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीवर येऊन बसले.

"काय अरुण, बरा आहेस ना?" ते म्हणाले.

अरुण कोण ते मला माहीत नव्हतं. बहुधा माझ्या आधीच्या एखाद्या बॅचचा असावा. मी म्हटलं, बरा आहे.

जवळून बघितलं ते लांबून दिसलं नव्हतं. ब्लाइंड किती आहे ते समोरच्या पडद्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि तरी सर प्रत्येक डावाला पत्ते वाटणाऱ्या डीलरबाईंना विचारत होते. दोनदा त्यांनी पाळी नसताना चिप्स सरकवल्या. बाईंनी हसून परत लोटल्या. "सर, अजून तुमचा नंबर नाही." समोरचा दिल्लीचा पोरगा कानातले हेडफोन काढून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. मी चष्मेवाला माणूस. नंबर वाढलाय हे कबूल न करणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो. पुढची ओळ वाचता आली नाही की ती पाठ असलेलीच ओळ पुन्हा जोरात म्हणतात. सर कोष्टक म्हणत होते, ओठातल्या ओठात. मला ऐकू येत होतं. मध्येच अडत आणि पहिल्यापासून सुरू करत.

सोळा उरले की कोणी खेळत नाही. एक जण उठला की बाकी सगळ्यांना बक्षीस, मग कोण कशाला मरायला जाईल? सगळे पत्ते टाकत होते. सरांच्या चिप्स ब्लाइंड भरता भरता झिजत चालल्या होत्या. पलीकडच्या टेबलावर एक निळ्या शर्टातला माणूस तेवढाच कंगाल होता. दोघांतला कोण आधी संपतो, एवढाच प्रश्न होता.

मग तो डाव आला. माझी मोठी ब्लाइंड, चार हजार. सरांची छोटी, दोन हजार. सगळ्यांनी पत्ते टाकले आणि पाळी सरांवर आली.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचा नंबर."

सरांनी पत्ते उचलले, बघितले, ठेवले. परत उचलले. पुन्हा ठेवले. कोष्टक अडलं होतं. मला त्यांच्या मानेची शीर उडताना दिसत होती. मग दोन्ही तळहात पुढे आले. वरच्या चिप्स घसरून माझ्या बाजूला आल्या.

"सगळ्या."

एकूण नऊ हजार. म्हणजे मला पाच हजार आणखी भरायचे होते आणि मध्ये पडलेले तेरा मिळणार होते. अडीचपटीहून जास्त. मी पत्त्यांची कोपरं उचलून बघितली. इस्पिकची राणी. चौकटची राणी.

राण्यांची जोडी. दिवसभरात मला मिळालेला सगळ्यात मोठा हात.

हे सगळं मी फार थोड्या वेळात केलं असं नंतर स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. बाईंनी मला दोनदा विचारलं. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या पडद्याकडे बघत होते आणि पापणी लवत नव्हती. मला दया आली हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला माझे रविवार हवे होते. लग्न झालं नाही, आई गेलेली, सहा दिवस लोकांच्या नाकांची मापं घेतल्यावर सातव्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी बसून मला मूर्ख म्हणणारं एवढं एकच माणूस होतं. ते नाशिकला गेलं असतं तर मी काय केलं असतं?

मी राण्या पालथ्या सरकवून दिल्या.

बाईंनी तेरा हजारांची चळत सरांपुढे लोटली. पुढच्याच डावात निळा शर्ट गेला. टेबलावर टाळ्या वाजल्या. दिल्लीच्या पोरानेही सरांना हात मिळवला. सर पंधरात आले होते. चौदावे गेले, मी अकरावा. त्याचं कुणालाच काही नव्हतं, मलाही नाही.

बांद्याला नेहमीच्या हॉटेलात चहाला थांबलो तेव्हा सहा वाजले होते, ऊन अजून होतं. सर खूश होते. कांदाभजीची बशी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. "वसूला मी फोन करत नाही. तू कर. साक्षीदार तू." मग भजं मोडता मोडता त्यांनी विचारलं, "शेवटी मी सगळ्या सरकवल्या तेव्हा तुझ्याकडे काय होतं रे?"

राण्या म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "सत्ती-दुर्री, सर. वेगवेगळ्या रंगांची."

आणि वाट बघत बसलो. अगदी मनापासून सांगतो, मला शिव्या हव्या होत्या. सत्ती-दुर्री असली तरी घ्यायचं असतं, हे मला त्यांनीच ओरडून शिकवलेलं. पाच भरून तेरा मिळत असताना मी टाकली म्हटल्यावर त्यांनी बशी आदळायला हवी होती, छड्या मोजायला हव्या होत्या. ते एकदा ओरडले असते तर मी वसुधाताईला शपथेवर सांगितलं असतं की तुझ्या वडलांचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे.

सरांनी भजं तोंडात टाकलं, चावलं, चहाचा घोट घेतला.

"मग बरोबर टाकलीस," ते म्हणाले.

दोनदा पाळी चुकली, अरुण झाला, घसरलेल्या चिप्स झाल्या, त्या सगळ्याला मी काही ना काही कारण लावलं होतं. याला कारण नव्हतं. सरांचं गणित गेलं होतं.

तेवढ्यात वसुधाताईचाच फोन आला. मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही. सर समोर बसून बोटाचं तेल रुमालाला पुसत माझ्याकडे बघत होते.

"आले का पंधरात?"

"चौदावे आले."

"ते राहू दे. नीट खेळले का?"

सर बघत होते.

"हो, ताई. अगदी नीट खेळले."

ती म्हणाली, "बरं. मग मी काही बोलत नाही. तू आहेसच जवळ."

त्यानंतर आम्ही पणजीला गेलो नाही. दर रविवारी मी डबा घेऊन सरांकडे जायचो, गॅसचं बटण बघायचो, दाराच्या आतल्या बाजूला पत्ता लिहून चिकटवला होता. मी पुरेसा जवळ आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. सहा दिवस दुकान होतं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी भर उन्हात सर घराबाहेर पडले. शेजारच्या रेवतीकाकूंनी मला नंतर सांगितलं, "मी इचारलंय, सर खंय चललात? तर म्हणाले, शाळेत, नववीची चाचणी आहे. माका वाटला शाळेन बोलावल्यान आसतला." शाळेची जुनी इमारत टेकडीवर होती, ती बंद होऊन वीस वर्षं झाली. संध्याकाळी तिथल्या भिंतीला टेकून बसलेले सर एका गुराख्याला सापडले. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारीच गेले असावेत. चपला काढून नीट शेजारी ठेवल्या होत्या.

तेराव्यानंतर वसुधाताई घर आवरत होती, मी मदतीला गेलो. तिने मला चहा दिला. ती माझ्यावर रागावली नव्हती. उलट दहा दिवस तीच मला सांगत होती, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू जे पाहिलंस ते सांगितलंस. नंतर बिघडलं, त्याला कोण काय करणार?" प्रत्येक वेळी मी मान हलवत होतो.

कपाटातून तिने चौकटीची वही काढली. "ही तुला हवी असेल." ती चाळत होती. सर प्रत्येक खेळ त्याच रात्री लिहून ठेवत हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या भरलेल्या पानावर ती थांबली.

"हे त्याच रविवारचं आहे. पत्त्यांचं मला कळत नाही. पण यात नाशिक कुठून आलं रे?"

तिने वही माझ्यापुढे धरली. अक्षर थरथरलेलं होतं, पण ओळी सरळ होत्या.

*नेरूरकर म्हणतो, सत्ती-दुर्री टाकली. पाच भरून तेरा. चूक. गणित त्याला येतं. म्हणजे भीक. बांद्याला बोललो नाही. बोललो असतो तर उद्या नाशिक.*

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. भजं चावतानाचं त्यांचं तोंड मला आठवत होतं. त्यांना सगळं कळलं होतं. पाळी कळत नव्हती, अरुण कोण ते कळत नव्हतं, पण हे कळलं होतं, आणि ते चहाच्या घोटाबरोबर त्यांनी गिळलं. चाळीस वर्षं कुणाची चूक सोडली नाही त्या माणसाने मला "बरोबर" म्हटलं, कारण त्यांना आपल्या घरी राहायचं होतं. मी फोनवर बोलत असताना ते माझ्याकडे का बघत होते, ते मला तेव्हा त्या कपाटापुढे कळलं.

"हेमंत?"

मग मी सांगितलं. बारा ब्लाइंड, पाळ्या, अरुण, घसरलेल्या चिप्स, मी टाकलेले पत्ते, बांद्याला बोललेलं खोटं, फोन. पत्ते कसे असतात तेही सांगावं लागलं, नाहीतर तिला भीक शब्दाचा अर्थ लागला नसता. ती उभ्यानेच ऐकत होती.

"म्हणजे तुझ्याकडे सत्ती-दुर्री नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती. राण्या होत्या. दोन."

"ते मोठं असतं?"

"हो."

"तू घेतलं असतंस तर ते हरले असते."

"हो."

"आणि माझ्याकडे आले असते."

मी मान खाली घातली. तिने माझ्यापुढचा अर्धा चहा उचलला आणि आत नेऊन ओतून टाकला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. ती बाहेर येईना, तेव्हा मी वही घेतली आणि निघालो. त्याला आता अकरा वर्षं झाली. तिचा फोन आला नाही आणि मी केला नाही.

पाच वेळांपैकी एकदा राण्याही हरतात. सरांच्या हातात काय होतं ते माहीत नसलं तरी सरासरीने एवढी आशा त्यांना होतीच, वहीत तसं कोष्टकही आहे. त्या दिवशी मला तिला ते सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण ती पाचवी वेळ सोडली तर उरलेल्या चारही वेळा सर नाशिकला जिवंत होते.